डोंगरातल्या रँचवर वसंतात पाहुणे म्हणून जायचं असेल तर

अमेरिकेत रॉकी पर्वताच्या भागात, म्हणजे वायोमिंग, मोंटाना, कोलोरॅडो वगैरे, रँचवर राहायला जायचं म्हटलं की बहुतेक लोक जुलै-ऑगस्टच्या तारखा बघतात. हिरवी कुरणं, घोड्यावर फेरफटका, रात्री शेकोटी, ते सगळं छान आहेच. पण गुरांची रँच खरी कळते ती मार्च ते जूनमधे, जेव्हा तिथली माणसं वर्षातलं सगळ्यात अवघड काम करत असतात, झोप अर्धवट असते, अंगणात गुडघाभर चिखल असतो आणि रोज नवी वासरं जन्माला येत असतात. या दिवसात जायचं तर एक गोष्ट डोक्यात पक्की हवी, आपण तिथे पाहुणे असलो तरी तो सीझन आपल्यासाठी नाहीये, तो गायींसाठी आहे. हे ज्याला पटतं त्याला तिथे खूप काही बघायला आणि करायला मिळतं.

आधी थोडं रँचच्या प्रकारांबद्दल, कारण बुकिंगमधे इथेच घोळ होतो. पाहुणे ठेवायची पद्धत खूप जुनी आहे. ईटन नावाचे भाऊ आधी नॉर्थ डकोटात होते, तिथे ओळखीपाळखीचे लोक येऊन राहायचे आणि मग पैसे देऊन राहायला लागले, १९०४ साली ते वायोमिंगमधे वुल्फ नावाच्या गावी गेले आणि ती रँच अजून चालू आहे. १९२६ मधे अशा रँचवाल्यांची संघटनाही झाली, डूड रँचर्स असोसिएशन. आता काही ठिकाणी पाहुणे हाच मुख्य धंदा असतो आणि गुरं नावापुरती, त्या रँच साधारण मे अखेर किंवा जूनला उघडतात. आणि काही ठिकाणी गुरं हाच धंदा असतो आणि चार-सहा पाहुणे सोबत घेतले जातात, त्यांना वर्किंग रँच म्हणतात. वसंतासाठी तुम्हाला ही दुसरी हवी. फोनवर सरळ विचारा की गायी कधी व्यायला लागतात, ब्रँडिंग (वासरांना तापल्या लोखंडाने मालकाचा डाग देणं) कोणत्या आठवड्यात असतं, पाहुण्यांना नुसतं बघू देता की कामाला घेता, रात्रीच्या फेरीला सोबत येऊ देता का. उत्तर देणारा माणूस जर तारखांच्या बाबतीत "हवामानावर आहे" असं म्हणाला तर खूश व्हा, तो खरं बोलतोय. किती गुरं आहेत हे मात्र विचारू नका, ते म्हणजे अनोळखी माणसाला बँकेत किती शिल्लक आहे असं विचारण्यासारखं आहे.

कधी जायचं हे तुम्हाला काय बघायचंय त्यावर ठरतं. गाय साधारण २८३ दिवस गाभण असते, म्हणून रँचवाला वळू कधी सोडायचा हे उलट मोजून ठरवतो, १ जूनला वळू सोडला तर पहिली वासरं मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात. काही जण मुद्दाम उशीर करतात, एप्रिल-मे, कारण बर्फ कमी आणि गाईला दूध यायला ताजं गवत मिळतं. तर वासरांसाठी मार्च-एप्रिल, ब्रँडिंगसाठी मे किंवा जूनची सुरुवात, आणि गुरं वरच्या डोंगरात नेताना बघायची असतील तर जून. एकाच ट्रिपमधे तिन्ही बसत नाही, हट्ट करू नका. मला विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने एप्रिलचा दुसरा पंधरवडा निवडावा, व्यायचं काम अजून चालू असतं आणि थंडी जरा सहन होण्यासारखी असते, तरी बर्फ पडणारच नाही असं नाही, मेमधेही चांगला फूटभर पडतो तिथे.

आता व्यायच्या दिवसांबद्दल जरा सविस्तर, कारण इथे पाहुण्याची मदतही होते आणि अडचणही होते. सगळ्यात जास्त लक्ष असतं ते पहिलारू कालवडींवर, साधारण दोन वर्षांच्या, पहिल्यांदाच विणाऱ्या. त्यांना घराजवळच्या वाड्यात ठेवतात आणि रात्रभर दर दोन-तीन तासांनी कोणीतरी फेरी मारतं. त्या फेरीला जायला मिळालं तर नक्की जा, पण तीन गोष्टी पाळा. टॉर्च सरळ डोळ्यात मारायची नाही, बोलायचं नाही, आणि जो माणूस नेतोय त्याच्या मागेच राहायचं. कळा सुरू झालेली कालवड शेपूट वर धरते, सारखी उठबस करते, कळपापासून लांब कोपऱ्यात जाते. माणसाची चाहूल लागली की ती थांबवून धरते आणि मग सगळंच लांबतं, म्हणून लांबून बघायचं. पाणमोट दिसल्यावर तासाभरात काही पुढे सरकलं नाही तर माणसं मदतीला जातात. सरळ वासराचे पुढचे दोन पाय खालच्या बाजूला तळवे करून येतात आणि त्यावर नाक टेकलेलं असतं, तळवे वर असतील तर बहुतेक मागचे पाय आधी येतायत आणि मग घाई करावी लागते, कारण नाळ दबली की वासराला श्वास हवा असतो आणि तोंड अजून आत असतं. अशा वेळी तुम्हाला कोणी साखळी धर, टॉवेल आण, गेट लाव म्हणालं तर तेवढंच करा, दुसरं काही नाही. आणि फोन खिशात.

वासरू पडल्यावर दोन-तीन तासात उभं राहून प्यायलं पाहिजे. चीक पहिल्या सहा तासात पोटात गेला तर त्याचा पूर्ण फायदा होतो, त्यातली रोगप्रतिकारक द्रव्यं आतड्यातून रक्तात जातात, आणि ही वाट साधारण २४ तासात बंदच होते. म्हणून रँचवर सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, ते प्यायलं का? नसेल प्यायलं तर गाईला छोट्या कप्प्यात घेऊन पाजतात, नाहीतर साठवलेला चीक बाटलीने किंवा नळीने देतात. बाटलीने पाजायचं काम पाहुण्याला बरेचदा मिळतं. वासराची मान गाईखाली पिताना असते तशीच थोडी वर ठेवा, बाटली जबरदस्तीने दाबू नका, दूध कोमट पाहिजे. नाळेला आयोडिन लावतात आणि कानात टॅग, आईचा जो नंबर तोच वासराचा, आणि हे सगळं खिशातल्या छोट्या वहीत लिहिलं जातं. अक्षर चांगलं असेल तर वही धरायचं काम मागून घ्या, तुम्ही कामाचेही ठराल आणि कोण कोणाचं हेही तुम्हाला कळायला लागेल.

एक छान गोष्ट इथे सांगतो. कॅनडात मॅनिटोबातल्या गस कोनेफाल नावाच्या रँचवाल्याच्या लक्षात आलं की चारा रात्री उशिरा टाकला तर बहुतेक गायी दिवसा वितात, आणि आता बऱ्याच रँचवर ही कोनेफाल पद्धत वापरतात. तेव्हा संध्याकाळी अंधार पडल्यावर ट्रॅक्टर किंवा घोड्यांच्या स्लेजवरून गवत टाकायला निघाले तर उशीर झाला म्हणून नाही, ते मुद्दामच. तुम्हाला गवताचे बांधलेले गठ्ठे सोडायला वर बसवतील. दोऱ्या कापल्या की सगळ्या गोळा करून खिशात कोंबा, एकही कुरणात राहू देऊ नका, गाईने गिळली की पोटात गोळा होतो.

वादळ आलं की सगळं बदलतं. ओल्या वासरावर वारा आणि बर्फ एकदम आला तर त्याचं अंग झपाट्याने गार पडतं. नॉर्मल तापमान ३८.५ अंश सेल्सियसच्या आसपास, ते ३४-३५ वर आलं की वासरू चोखतही नाही, तोंडात बोट घातलं तर आत थंड लागतं. मग त्याला पिकअपच्या हीटरपाशी, गरम पाण्याच्या टबात, नाहीतर गरम हवेच्या पेटीत ठेवतात, स्वयंपाकघराच्या फरशीवर पण झोपवतात, आणि अशा वेळी पाहुण्याने टॉवेल घेऊन चोळत बसणं ही खरी मदत असते, जोरात चोळा, हळुवार नाही. कुठे आखूड गोल कानांची मोठी गाय दिसली तर ती अशाच एखाद्या रात्री जन्मलेली असते, कानाचं टोक गोठून गळून गेलेलं. कधीकधी वासरू वाचत नाही. त्या दिवशी प्रश्न कमी विचारा. आणि दुसऱ्या दिवशी मेलेल्या वासराचं कातडं एखाद्या पोरक्या वासराला घातलेलं दिसलं तर दचकू नका, गाय वासाने पिल्लू ओळखते, त्या वासाने ती त्याला पिऊ देते आणि तीन-चार दिवसात ते तिचंच होतं. अख्ख्या वसंतात मला सगळ्यात जास्त हलवून टाकणारी गोष्ट हीच वाटते.

सेफ्टीबद्दल स्पष्ट बोलतो. वर्षभर गरीब असणारी गाय व्याल्यावर काही दिवस वेगळीच असते. गाय आणि वासरू यांच्या मधे कधीही जायचं नाही, एकट्याने वासरू उचलायला तर नाहीच. डोकं खाली, फुरफुर, पुढच्या पायाने माती उडवणं, ही धावून यायची खूण आहे, तेव्हा पिकअप किंवा कुंपणाच्या पलीकडे व्हा. स्वतःचा कुत्रा नेऊ नका, विचारूही नका, गाईच्या लेखी तो लांडगा किंवा कायोटीच, आणि कुत्रा पळून येतो तुमच्याकडेच, मागोमाग गाय. गरोदर बाईने वार, गर्भपाताचे अवशेष आणि विणाऱ्या जनावरांपासून लांबच राहावं. यलोस्टोन नॅशनल पार्कच्या आजूबाजूला एल्क (मोठी हरणं) आणि बायसन (रानगवे) यांच्यात ब्रुसेलोसिस हा रोग अजून आहे, त्याने गर्भ पडतो आणि तो माणसालाही होतो, तेव्हा कुरणात पडलेला गर्भ दिसला तर हात न लावता मालकाला जागा सांगा, कोणीही असा तुम्ही. हात धुणं हे तर प्रत्येक जेवणाआधी, वासरांची हगवण माणसाच्या पोटातही येते. आणि परदेशातून येताना आधी कुठल्या गोठ्यात वगैरे गेला असाल तर विमानतळावर कस्टमला खरं सांगा आणि बूट धुवून न्या, अमेरिकेत १९२९ नंतर लाळ्या-खुरकूत आलेला नाही आणि तो येऊ नये म्हणून ही सगळी माणसं जिवाचं रान करतात.

गुरं हाकायचं काम बहुतेक पाहुण्यांना आवडतं, आणि तिथेच आपण ओरडून-धावून सगळं बिघडवतो. प्रत्येक गाईभोवती एक अदृश्य वर्तुळ असतं, त्याच्या आत गेलात की ती सरकते, बाहेर आलात की थांबते. तिच्या खांद्याच्या मागून आत शिरलात तर ती पुढे जाते, खांद्याच्या पुढून गेलात तर मागे वळते. पशुविज्ञानाच्या प्राध्यापक टेंपल ग्रँडिन यांनी कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत राहून हे सगळं जगाला चित्र काढून समजावलं, पण शिकायचं असेल तर तासभर कुंपणावर बसून एखाद्या जुन्या माणसाला बघा, तो जवळजवळ काहीच करताना दिसत नाही आणि शंभर गायी गेटातून जातात. आपण चालत नागमोडी, हळू, तोंड बंद. दुसरा माणूस गुरं आणत असेल तर त्याच्या आणि गुरांच्या मधून जायचं नाही. गेट जसं होतं तसंच ठेवायचं, उघडं होतं तर उघडं, बंद होतं तर बंद, आणि पिकअपमधे दाराशी बसलेला उतरून गेट उघडतो, हा तिथला नियम, सांगायची वाट बघू नका. तारेचं गेट असेल तर तिथे खांदा लावून खांब आवळावा लागतो, पहिल्या वेळी शिकवून घ्या.

गुरांशिवायची कामंही भरपूर असतात आणि नवख्या माणसाला तीच जास्त जमतात. हिवाळ्यात बर्फाने आणि एल्कच्या कळपांनी तारा तोडलेल्या असतात, त्या ओढून पुन्हा ठोकायच्या, खांब सरळ करायचे. हातमोजे चामड्याचेच. कुरणात हिवाळ्यात पडलेलं शेण साखळीचा हॅरो (कुळवासारखं अवजार) ओढून पसरवतात. आणि पाणी. पश्चिमेकडच्या राज्यात पाण्याचा हक्क ज्याने आधी वापरलं त्याचा आधी असा आहे, काही काही हक्क अठराशेच्या सालातले असतात, म्हणून मेमधे बर्फ वितळून ओढा भरला की फळ्या काढून पाटात पाणी घ्यायची एकच धांदल असते. त्याआधी पाट साफ करायचे, गाळ, काटक्या, बीव्हरने (ओढ्यात बांध घालणारा प्राणी) अडवलेलं लाकूड. फावडं घेऊन रबरी बुटात उभं राहायचं हे काम खूप समाधानाचं आहे, पाणी गवतात पसरताना दिसतं ना, तेव्हा अख्ख्या उन्हाळ्याचा चारा तिथे तयार होत असतो. इथे दगड किंवा फळी तुमच्या मनाने हलवू नका, खालच्या शेजाऱ्याचंही पाणी त्यातच असतं.

घोड्यांबद्दल. हिवाळाभर मोकळे सोडलेले घोडे वसंतात परत आणतात, नाल ठोकतात आणि रँचवालेच आधी काही दिवस त्यांच्यावर बसतात, कारण विश्रांती घेतलेला घोडा पहिल्या दिवसात उड्या मारतो. तेव्हा एप्रिलमधे गेलात आणि बसायला मिळालं नाही तर रुसू नका. बसायला मिळणार असेल तर वजन आणि अनुभव खरा सांगा, बऱ्याच ठिकाणी वजनाची मर्यादा असते आणि ती घोड्याच्या पाठीसाठी असते. टाच असलेले गुळगुळीत तळाचे बूट, ट्रेकिंगचे जाड खाचांचे नकोत, रिकिबीत अडकतात. हेल्मेट मागा. सही करायला जो कागद देतात तो वाचा, बहुतेक राज्यात घोड्याच्या अपघाताचा धोका स्वार स्वतः स्वीकारतो असा कायदा आहे.

ब्रँडिंगचा दिवस बघायला मिळाला तर तो चुकवू नका, पण मनाची तयारी करून जा. शेजारच्या रँचवरचे लोक येतात, पुढच्या आठवड्यात हे त्यांच्याकडे जातात, पैशाचा व्यवहार नाही. पहाटे गायी-वासरं आणून वेगळी करतात, मग दोरी टाकणारे घोड्यावरून वासराचे मागचे पाय पकडून शेगडीपाशी ओढत आणतात आणि जमिनीवरचे दोघे त्याला धरतात. मग एकाच वेळी सगळं होतं, तापलेला डाग, फऱ्या आणि त्याच्या जातीच्या रोगांची लस, नर असेल तर खच्चीकरण, शिंगं असतील तर ती काढणं. सराव असलेल्या टोळीला एका वासराला मिनिटभरच लागतं, मग ते उठून आईकडे पळतं. केस जळल्याचा वास, धूर, गायींचा हंबरडा, हे सगळं जड जाऊ शकतं आणि जड गेलं तर बाजूला जाऊन उभं राहायला काहीच हरकत नाही, कोणी काही म्हणत नाही. डाग का द्यायचा? कारण गुरं सरकारी डोंगरात इतरांच्या गुरात मिसळतात, टॅग पडतात, आणि या राज्यांमधे ब्रँड नोंदलेला असतो, विकताना किंवा हलवताना इन्स्पेक्टर तोच बघतो. ब्रँड डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली वाचतात, आडवं पडलेलं अक्षर असेल तर लेझी, खाली कमान असेल तर रॉकिंग, पंख असतील तर फ्लाइंग. पाहुण्याला लसीची पिचकारी भरणं, मोजणी ठेवणं, पाय धरणं असं काम देतात. पाय धरायचा तर वरचा पाय घट्ट ओढून बसायचं आणि सोड म्हणेपर्यंत सोडायचं नाही. सुई स्वतःच्या हातात जाऊ शकते, म्हणून भरलेली पिचकारी कधी खिशात ठेवू नका. दुपारच्या जेवणाला सगळे एका टेबलावर, तिथे भांडी घासायला उठलात तर पुढच्या वर्षी नक्की बोलावतील.

आणि हेही मोकळेपणाने. ही दुधाची गुरं नाहीत, मांसाची आहेत, शरद ऋतूत ही वासरं विकली जातात. ज्याला हे बघवणार नाही त्याने वसंतात जाऊच नये असं नाही, पण तिथे गेल्यावर वाद घालू नये, त्यांच्याइतकी रात्र जागून त्या जनावरांची काळजी घेणारी माणसं मी तरी फार कमी बघितलीत. मांस खात नसाल तर बुकिंग करतानाच सांगा, गाव पन्नास मैल लांब असतं आणि आठवड्याचं सामान एकदाच येतं.

कपडे पटकन. लोकरीचे थर, वरून वारा न शिरणारं जाकीट, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, दोन जोड हातमोजे, गळ्याला रेशमी रुमाल, काउबॉय त्याला वाइल्ड रॅग म्हणतात आणि तो खरंच उबदार असतो. टोपी, सनस्क्रीन, ओठांना मलम. सकाळी जमीन गोठलेली असते आणि दुपारी चिखल, म्हणून गाडीने कच्च्या रस्त्याने पोचायचं तर सकाळीच पोचा. दोन-अडीच हजार मीटर उंचीवर पहिले दोन दिवस दम लागतो, पाणी जास्त, दारू कमी. उंचीचा त्रास गुरांनाही होतो बरं का, काही जनावरांच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आखडतात, हृदयावर ताण येऊन छातीपाशी पाणी साठतं, ब्रिस्केट डिसीज म्हणतात, म्हणून अशा रँचवर वळू विकत घेताना आधी त्याचा फुप्फुसातला रक्तदाब मोजून घेतात.

बर्फ वितळला की सेजब्रशच्या झुडपांमधे गोचीड येतात, जुलैच्या मध्यापर्यंत असतात. पँट मोज्यात खोचा, रोज संध्याकाळी अंग तपासा, चिमट्याने कातडीला टेकून धरून सरळ ओढा, आणि परत गेल्यावर दोन आठवड्यात ताप आला तर डॉक्टरला गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा. ग्रिझली अस्वलं मार्चपासून गुहेतून बाहेर पडायला लागतात, पिल्लंवाल्या माद्या नंतर. मेलेलं जनावर टाकायची जागा असेल तिकडे पायी जाऊच नका, बेअर स्प्रे (अस्वलावर मारायचा तिखट फवारा) पट्ट्याला हवा, बॅगेत नको. एल्कची गळलेली शिंगं सापडली तर उचलायच्या आधी विचारा, वायोमिंगच्या काही भागात सरकारी जमिनीवर ३० एप्रिलपर्यंत गोळा करायला बंदी असते आणि बाहेरच्या राज्यातल्यांना आणखी थांबावं लागतं. पहाटे लवकर उठणार असाल तर सेज ग्राउस या रानकोंबड्यासारख्या पक्ष्याचा नाच कुठे होतो ते विचारा, मार्च ते मे नर छाती फुगवून नाचतात, उजाडायच्या आधी गाडीत बसून राहायचं आणि ते उडेपर्यंत उतरायचं नाही. मे अखेरीला डोंगरउतारावर बाल्समरूटची पिवळी फुलं येतात, कुंपणावर मेडोलार्क पक्षी गात असतो.

जूनमधे गुरं वरच्या जंगलात न्यायची वेळ येते. ती जमीन बहुतेक फॉरेस्ट सर्व्हिसची किंवा ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटची असते, परमिटवर तारीख आणि जनावरांची संख्या ठरलेली असते, एक गाय वासरासकट एक महिना चरली की त्याची फी, २०२४ मधे ती १.३५ डॉलर होती. गवत पुरेसं वाढलं नसेल तर तारीख पुढे जाते, आणि लार्कस्पर, लुपिन सारख्या विषारी झाडांवरही लक्ष ठेवावं लागतं. पाहुण्याला शेवटी ठेवतात, धुळीत, दमलेल्या वासरांच्या मागे, आणि मला वाटतं ती जागा सगळ्यात चांगली आहे कारण तिथून सगळं दिसतं. घाई करू नका, वासरू बसलं तर घोडा थांबवा, कळप लांबत चालला की पुढच्याला हाक मारून सांगा. वर पोचलं म्हणजे काम संपलं असं नाही. प्रत्येक गाईला तिचं वासरू सापडून ते प्यायला लागेपर्यंत सगळ्यांनी कडेने उभं राहायचं असतं, कारण चुकलेली जोडी शेवटचं दूध जिथे प्यायलं-पाजलं तिथेच परत जाते, म्हणजे सकाळी निघालो होतो त्या कुरणात, दहा-बारा मैल खाली. तेव्हा भूक लागली, पाय अवघडले तरी मालक चला म्हणेपर्यंत आपली जागा सोडून डब्याकडे वळू नका.